आधी वाळवा, मग लावा : श्वासाच्या मशीनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं, घरात ऑक्सिजनचं मशीन, वाफेचं मशीन, सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) असं काही असेल तर त्याच्या साफसफाईबद्दल प्रश्न पाठवा. मला वाटलं पाच-सहा येतील. आले पिशवीभर, व्हॉट्सॲपवरचे फोटो वेगळेच, आणि एका फोटोत तर मशीनच्या डोक्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली, खाली फडकं अंथरून, अगदी व्यवस्थित. तेल आणि ऑक्सिजन यांचं काय नातं असतं ते पुढे येईलच, पण ती बरणी आधी उतरवा ताई.

एक सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. मी दवाखान्यातली आणि घरची मशीनं दुरुस्त करणारा माणूस. मिनिटाला किती लिटर लावायचं, किती तास लावायचं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी सांगितलेला काटा आपल्या मनाने हलवू नका. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, काही पेशंटला जास्त ऑक्सिजनही बाधतो. माझं काम हवा मशीनमध्ये शिरते तिथून नाकापर्यंत पोचते तेवढंच.

प्रश्न : वडिलांसाठी ५ लिटरचं मशीन घेतलंय. घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत आहे. दोन महिन्यांपासून मशीन खूप आवाज करून राहिलंय, गरमही होतं. मागची जाळी दर रविवारी धुतो तरी तेच. बिघडलं का? — एक वाचक, धरणगाव

उत्तर : बिघडलं नसेल अजून, पण त्या वाटेवर आहे. मशीन करतं काय ते आधी समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. आपल्या खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि ७८ टक्के नायट्रोजन. मशीन ऑक्सिजन तयार करत नाही, ते फक्त नायट्रोजन गाळतं. आत कॉम्प्रेसर आहे, तो हवा दाबून दोन नळकांड्यांमध्ये आळीपाळीने सोडतो, त्यात झिओलाइट नावाचे बारीक खडे भरलेले असतात, ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडला की नायट्रोजन बाहेर, ते जे दर काही सेकंदांनी फुस्स होतं ना, तेच ते. बऱ्याच जणांनी लिहिलंय की मशीन शिंकतं, तर ते शिंकतं ते बरंय, शिंकायचं थांबलं तर मला फोन करा.

आता तुमच्या घरात मशीन जी हवा ओढतं ती जिनिंगची. कापसाची रुई, ती पांढरी लव, जाळीवर बसते तेव्हा दिसते आणि आपण ती धुतो. पण त्या जाळीच्या आत अजून एक फिल्टर असतो, कागदासारखा, घड्या घातलेला किंवा छोट्या डबीतला. तो धुवायचा नसतो. तो काळा पडला की बदलायचा. तुम्ही जाळी धुताय पण आतला बदललेला नसणार, पैज लावतो. कॉम्प्रेसरला हवा मिळत नाही म्हणून तो जोर लावतो, म्हणून आवाज, म्हणून गरम. पुस्तकात एक वर्ष लिहिलं असेल तर ते वर्ष जिनिंगच्या मागच्या गल्लीसाठी नाहीये, कापसाच्या सीझनमध्ये महिन्याला उघडून बघा. हेच दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेजवळच्या लोकांना आणि मळणीयंत्र दारात चालतं त्या सगळ्यांना लागू.

आणि ती रविवारची जाळी धुतल्यावर तुम्ही किती वेळाने परत लावता? हे लिहिलं नाही तुम्ही. इथे माझीच एक गोष्ट सांगतो. नवीन होतो तेव्हा तापीकाठच्या एका गावात एका आजोबांचं मशीन बघायला गेलो, जाळी धुतली, पिळली, दोनदा झटकली आणि ओलीच बसवली, कारण शेवटची एसटी निघायची होती. घरच्यांनी बघितलं की मेकॅनिक असं करतो, मग ते दर आठवड्याला तसंच करायला लागले, नेमाने, बिचारे. चारेक महिन्यांत मशीनचा पिवळा दिवा लागला. झिओलाइटचं असं आहे की ते नायट्रोजनला धरतं आणि सोडतं, पण पाण्याला धरलं की लवकर सोडत नाही. खडे ओलावले की मशीन चालू दिसतं, हवा येते, बुडबुडे येतात, फक्त त्या हवेत ऑक्सिजन कमी. धडधाकट मशीन ९० ते ९६ टक्के देतं, साधारण ८२-८५ च्या खाली गेलं की पिवळा दिवा लागतो. त्या आजोबांच्या मशीनची नळकांडी मी माझ्या खिशातून बदलली आणि तेव्हापासून दुकानात पाटी लावलीय, आधी वाळवा मग लावा.

तर जाळ्या दोन ठेवा. एक मशीनला, एक दोरीवर. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, स्वच्छ पाण्यात खळखळून, कोरड्या टॉवेलमध्ये दाबून, मग सावलीत पूर्ण दिवस. पापड-कुरडया उन्हात घाला, जाळी नको, स्पंज कडक होऊन भुगा होतो आणि तो भुगा मशीनच ओढतं.

अजून एक, जे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी बघितलं नाही पण आपल्याकडे घराघरात बघतो. उन्हाळ्यात मशीन कूलरच्या झोतात ठेवतात, त्यालाही गार वाटावं म्हणून. भावना चांगली आहे. पण कूलर पाण्याचे तुषार फेकतो, तेही बोअरचं खारं पाणी, आणि मशीन ते ओढतं. कूलर पेशंटला द्या, मशीनला नको. बऱ्याच मशीनची मर्यादा ४० डिग्रीपर्यंत असते आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या वर सावलीतच जातं, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. मशीन स्वतः साडेतीनशे वॅटच्या आसपास उष्णता खोलीत सोडतं, म्हणजे एक छोटी शेगडीच म्हणा. भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याच्या मागे नाही, पलंगाखाली तर मुळीच नाही, आणि जमलं तर घरातल्या सगळ्यात गार खोलीत मशीन ठेवून लांब नळीने पेशंटपर्यंत न्या. नळी १५ मीटरपेक्षा लांब करू नका.

प्रश्न : भाऊ, मशीन ते चाली ऱ्हायनं, पन नळीम्हा हवाच येत नही. काय करू? — एक आजी, साक्री तालुका

उत्तर : आजी, एका ग्लासात पाणी घ्या आणि नाकात घालायची ती दोन टोकं पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर हवा येतेय, फक्त नाकाला जाणवत नाहीये, १-२ लिटरला तसंही फार जाणवत नाही. बुडबुडे नाही आले तर मागे मागे जा. नळी खाटेच्या पायाखाली दबलीय का, मुरगळलीय का बघा. मग मशीनला लावलेली, हवा ओलसर करणारी पाण्याची बाटली असते (ह्युमिडिफायर), तिचं झाकण काढून परत सरळ आट्यावर बसवा, दहापैकी सात वेळा चोर तिथेच सापडतो, झाकण तिरकं बसतं आणि हवा तिथूनच निसटते. बाटली काढून नळी सरळ मशीनला लावली आणि हवा आली, तर बाटलीच खराब. तरी नाहीच आली तर नातवाला सांगा मला फोन करायला, आणि तोवर दम लागत असेल तर मशीनची वाट बघत बसू नका, सिलिंडर लावा नाहीतर दवाखाना गाठा. टोकं परत नाकात घालायच्या आधी पुसून घ्या, पाणी झटकून.

प्रश्न : ह्युमिडिफायरच्या बाटलीत कुठलं पाणी घालावं? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, आरओचा जार येतो. मुलगा म्हणतो एसीचं पाणी डिस्टिल्डच असतं, ते घाला. शेजारचे बॅटरीचं पाणी घालतात. — एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, या एका प्रश्नाची सोळा पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर.

एसीचं पाणी नको. तुमचा मुलगा शास्त्र म्हणून अर्धा बरोबर आहे, ते हवेतली वाफ गार होऊन आलेलं पाणी असतं, पण ते येतं धुळीने माखलेल्या कॉइलवरून आणि शेवाळलेल्या पाइपातून. त्यात क्षार नसतील, बाकी सगळी वस्ती असते. बॅटरीचं पाणी हे क्षार काढलेलं असतं, बॅटरीला तेवढंच लागतं, पण ते कुणी श्वासासाठी भरलेलं नसतं, गॅरेजमध्ये उघड्या कॅनमधून, कुठल्या नरसाळ्याने, कुणाच्या हाताने ओतलं ते कोण सांगणार. बोअरचं नको, आपल्याकडे चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढतो तोच थर बाटलीतल्या त्या बारीक भोकांच्या दांडीला चढतो आणि मग हवा अडते. आरओच्या जारचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण जार धुतात कसे ते मी बघितलंय.

मेडिकलमध्ये डिस्टिल्ड वॉटर मागा, सीलबंद. एक दिवस मिळालं नाही तर पाणी खळखळ उकळून, झाकून, पूर्ण गार करून वापरा, जंतू मरतात, क्षार मात्र उकळून जात नाहीत, म्हणून ते रोजचं करू नका. गरम पाणी घालायचं नाही, वाफ नळीत जाऊन पाणी साठतं.

पण सर, कुठलं पाणी यापेक्षा जुनं पाणी हा मोठा घोळ आहे. लोक काय करतात, सकाळी बाटली अर्धी दिसली की वरून ओततात. कालच्या पाण्यात आजचं पाणी. अशी महिनाभर न रिकामी झालेली बाटली मी पाहिलीय, आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत. पिण्याच्या माठाला आपण असं करतो का? रोज पूर्ण रिकामी करा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, आतली दांडीसुद्धा, खळखळून घ्या, मग नवीन पाणी, वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात अर्धा तास भिजवा, क्षारही सुटतो, वासही जातो, नंतर भरपूर पाण्याने धुवून काढा. बाटल्या दोन असतील तर एक वाळत, एक कामावर, परत तेच.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे पेशंट वाढले तेव्हा या बाटल्यांतल्या पाण्यावरही खूप बोट दाखवलं गेलं. मुख्य कारणं आटोक्यात नसलेली साखर आणि स्टिरॉइड हीच होती, पण त्या धास्तीने का होईना जळगावात कित्येक घरांत पहिल्यांदा ती बाटली घासली गेली एवढं खरं.

आणि खरं सांगू का, १-२ लिटरवर असलेल्या अनेकांना या बाटलीची गरजच नसते. नाक कोरडं पडत नसेल, रक्त येत नसेल, तर डॉक्टरांना विचारून बाटली काढूनच टाका. जी बाटली नाही ती घाण होत नाही.

प्रश्न : सासूबाईंना २४ तास ऑक्सिजन आहे. त्या देवापुढे बसून दिवा-अगरबत्ती करतात, नळी नाकातच असते. श्रावणात कानबाईची रोटं आहेत, घरात चूलही पेटेल. भीती वाटते, पण त्यांना सांगणार कोण? — एक सून, पारोळा

उत्तर : माझं नाव सांगा, म्हणा मासिकात छापून आलंय.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, तो दुसऱ्याला पेटवतो. नळीतून येणारा ऑक्सिजन साडीच्या पदरात, केसात, पांघरुणात मुरतो आणि मग एक ठिणगी पुरते, कापड नेहमीपेक्षा फार वेगाने भडकतं, विझवायला वेळ मिळत नाही. दिवा, अगरबत्ती, चूल, गॅस, डासांची कॉइल, यापासून निदान १० फूट. बिडी-सिगारेट त्या घरातच नको, बाहेरच्या ओट्यावर पाहुण्यांनीसुद्धा जपून. नळी काढून देवापुढे बसणार असतील, आणि डॉक्टरांनी तेवढा वेळ काढायला परवानगी दिली असेल, तर मशीन बंद करून २० मिनिटं थांबून मगच काडी ओढायची. चालू नळी गादीवर टाकून उठायचं नाही. नाहीतर दिवा तुम्ही लावा, त्यांनी लांबून हात जोडावे, कानबाई मायला चालतं ते.

नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलिन, बाम, खोबरेल लावायचं नाही. पाण्याचा बेस असलेलं जेल मिळतं ते लावा. मशीनच्या, सिलिंडरच्या आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही, कितीही घट्ट झाल्या तरी. ऑक्सिजन असला की तेल सहज पेट घेतं, लोणच्याच्या बरणीचं उत्तर हेच.

प्रश्न : दोन मुलं, दोघांना सर्दी-दमा. मिरचीच्या पथाऱ्या लागल्या की आमच्या भागात त्रास वाढतो. एकच वाफेचं मशीन आहे. औषध महाग म्हणून मध्ये मध्ये साध्या पाण्याची, निलगिरी तेलाचे थेंब टाकून वाफ देते. चालेल ना? नळीत पाणीपण दिसतं. — एक आई, नंदुरबार

उत्तर : नाही चालणार ताई, आजपासून बंद. पातेल्यातल्या वाफेत आणि नेब्युलायझरच्या, म्हणजे तुमच्या या वाफेच्या मशीनच्या, धुक्यात फरक आहे. नेब्युलायझर जे घालाल त्याचे इतके बारीक कण करतो की ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे तेल गेलं तर फुप्फुसाला ते बाहेर काढता येत नाही, तेलाचा न्यूमोनिया होतो. निलगिरी, ओवा-अर्क, सर्दीच्या कॅप्सूल फोडून, काहीच नाही. नळाचं पाणीही नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आणि लागलं तर मेडिकलमधलं सीलबंद सलाइन, बस.

मशीन एक चालेल, पण मास्क आणि औषधाची डबी दोघांची वेगळी. धाकट्याचा मास्क मोठ्याला लावला की एकाची सर्दी घरपोच दुसऱ्याला. प्रत्येक वेळी वाफ झाली की डबी उघडा, उरलेलं औषध फेका, कोमट पाण्याने धुवा, झटका, स्वच्छ फडक्यावर उघडीच वाळू द्या. दिवसातून एकदा साबणाने. जंतू मारायला, तुमच्या डबीच्या पुस्तकात उकळायला चालतं असं असेल तर ५ मिनिटं उकळा. मास्क उकळू नका, वाकडा होतो. जाळीवाला छोटा हातात धरायचा नेब्युलायझर असेल तर त्याच्या जाळीला पिन-सुई लावायची नाही, एका टोचण्यात तो कामातून जातो.

ती लांब नळी धुवायची नसते. त्यातून फक्त हवा जाते. पाणी दिसत असेल तर डबी काढून ठेवा आणि नुसती नळी लावून मशीन दोन-चार मिनिटं चालवा, आपोआप सुकते. मशीनला एक छोटं पांढरं फिल्टर असतं, नाण्याएवढं, ते राखाडी झालं की बदला, मिरचीच्या सीझनमध्ये लवकर होतं. वाफ देताना मशीन जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. आणि औषधात स्टिरॉइड असेल तर वाफ झाल्यावर चूळ भरायला लावा, तोंड पुसा, नाहीतर जिभेवर पांढरे डाग येतात.

प्रश्न : रेल्वेत नोकरी, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं म्हणून सीपॅप. घरी मास्क डेटॉलने धुतात, त्याच्या वासाने झोप येत नाही. नेटवर ओझोनचा डबा दिसला, त्यात मास्क ठेवला की न धुता साफ. घेऊ का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : घेऊ नका. न धुता साफ असं काही नसतं, हे मी माझ्या मुलाला डब्याबद्दलही सांगतो. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्येच सांगितलं होतं की सीपॅपसाठी विकले जाणारे ओझोन आणि अतिनील किरणांचे सफाई-डबे त्यांनी मंजूर केलेले नाहीत, आणि ओझोन नळीत राहिला तर फुप्फुसालाच चुरचुरतो. पुढे जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो सीपॅप-बायपॅप मशीनं परत बोलावली, त्यातला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता, आणि तो फोम ओझोनने अजून लवकर खराब होतो असंही कंपनीने सांगितलं. तुमचं मशीन त्या काळातलं, कुणाकडून जुनं घेतलेलं असेल तर मशीनच्या खाली छापलेला नंबर एकदा कंपनीकडे तपासून घ्या.

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, ब्लीच, सगळं बंद. सिलिकॉन चिरतं आणि वास रात्रभर नाकात. मास्कचा जो भाग चेहऱ्याला लागतो तो रोज सकाळी बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, तेलकट चेहऱ्याचा थर बसला की मास्क गळतो आणि मग लोक पट्टे आवळत बसतात. नळी आठवड्यातून एकदा, बादलीत बुडवून, साबणपाणी आतून फिरवून, मग बाथरूमच्या दांडीवर दोन्ही टोकं खाली लोंबतील अशी टांगा. तुमची रात्रपाळी असेल तर आल्याबरोबर धुवू नका, उठल्यावर धुवा म्हणजे वाळायला पूर्ण पाळी मिळते. पाण्याचा टाकीसारखा डबा रोज ओता, डिस्टिल्ड पाणीच. आणि पाण्याचा डबा आत ठेवून मशीन पिशवीत घालून ड्यूटीवर नेऊ नका, तिरकं झालं की पाणी सरळ मोटरमध्ये. अशी तीन मशीनं आत्ता माझ्या टेबलावर आहेत.

प्रश्न : बाबांसाठी बॅटरीवरचं, खांद्याला लावायचं छोटं ऑक्सिजन मशीन घेतलं, ५ पर्यंत आकडे आहेत. घरच्या मोठ्या मशीनवर ते ३ लिटरला असतात. याच्यावर ३ ठेवलं तर ऑक्सिमीटर खाली जातं. पुण्याला न्यायचंय. — एक वाचक, धुळे

उत्तर : विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, सांगत नाहीत. छोट्या मशीनवरचा ३ हा लिटर नसतो, तो नुसता नंबर असतो. ते सलग हवा देत नाही, श्वास आत घेतला की एक झटका देतं, आणि प्रत्येक कंपनीचा ३ वेगळा. म्हणून तुमच्या डॉक्टरांसमोर बाबांना मशीन लावून, बसवून आणि चालवून, ऑक्सिमीटर बघत नंबर ठरवून घ्या, पुण्याला निघायच्या आधी. रात्री झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्यांचा श्वास या मशीनला कधी कधी कळतच नाही, म्हणून रात्रीसाठी मोठं मशीनच हवं का तेही विचारा.

सफाई म्हटली तर याच्या बाजूच्या जाळ्या आठवड्याला धुवायच्या, सुकवायच्या, पुढचं तुम्हाला पाठ झालंय. पिशवी धुताना मशीन काढा, हे हसायचं नाहीये. पाण्याची बाटली याला जोडायची नसते. बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवली की तिचं आयुष्य तिथेच संपायला लागतं, शेवभाजी खायला हॉटेलवर थांबलात तर मशीन सोबत आत न्या. गाडीत चार्जर चालतो, रेल्वेतल्या मोबाईलच्या सॉकेटच्या भरवशावर मात्र निघू नका. जेवढ्या तासांचा प्रवास त्याच्या दीडपट चालेल एवढी बॅटरी हातात ठेवा, घाटात ट्रॅफिक लागलं की तो हिशोब कळतो.

प्रश्न : लाईटचं काही खरं नाही, व्होल्टेज पडतं. घरच्या इन्व्हर्टरवर ५ लिटरचं मशीन चालेल का? — एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : चालेल, पण इन्व्हर्टर साइन वेव्हवाला हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर घुमतो, तापतो, जळतो. १५० एएचची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, मशीन साडेतीनशे ओढतं, तोटा धरून तीन-साडेतीन तास समजा, तेही पंखे बंद ठेवून आणि बॅटरी नवीन असेल तर. स्टॅबिलायझर लावाच. आणि एक भरलेला सिलिंडर कोपऱ्यात ठेवाच, बी टाइपमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो, २ लिटरने बारा तास निघतात. महिन्यातून एकदा त्याचा काटा बघा, गरजेला रिकामा निघालेला सिलिंडर मी दोन घरी पाहिलाय. २४ तास मशीन चाललं तर दिवसाला आठेक युनिट धरून चाला.

प्रश्न : २०२१ मध्ये गावाने वर्गणी काढून दोन मशीनं घेतली. तेव्हापासून मंडळाच्या खोलीत माळ्यावर आहेत. आता एकाला लागतंय. काढून सरळ द्यायचं का? — मंडळाचे कार्यकर्ते, चोपडा तालुका

उत्तर : सरळ देऊ नका. कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेलं मशीन आहे ते, ओलावा आत शिरलेला असणार, आणि उंदीर. आधी उघडून साफ करून घ्या, सगळे फिल्टर नवे, नळी, नाकातली नळी आणि पाण्याची बाटली नवी, जुनी कुणाची वापरलेली ती फेका. मग काही तास सलग चालवा आणि ऑक्सिजन ॲनालायझरने मोजा, २ लिटरला आणि ५ लिटरला दोन्हीकडे, कारण थकलेलं मशीन २ ला पास होतं आणि ५ ला बसतं. ऑक्सिमीटर बोटाला लावून मशीनची परीक्षा होत नाही, ती माणसाची होते. ॲनालायझर तुमच्याकडे नसणार, जो मेकॅनिक ॲनालायझर न आणता कानाने ऐकून ठीकंय म्हणतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

पुढे मंडळाला एक सवय लावून घ्या, गणपतीच्या मीटिंगसारखी ठरलेली. दर महिन्याला एकाने जाऊन दोन्ही मशीनं तास-दोन तास चालवायची, मशीनवर तासांचं मीटर असतं तो आकडा वहीत लिहायचा. आणि मशीन एका घरून दुसऱ्या घरी जाताना बाहेरून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचं, प्लग काढून, फडकं पिळून, स्प्रे थेट मशीनवर मारायचा नाही. नाकातली नळी प्रत्येक पेशंटची स्वतःची, तीसुद्धा दोन ते चार आठवड्यांनी बदलायची, सर्दी-ताप होऊन गेला तर लगेच. एका नाश्त्याच्या पैशात येते, आणि लोक ती पिवळी पडून काडीसारखी कडक होईपर्यंत वापरतात.

प्रश्न : धूळ बसू नये म्हणून आईने मशीनसाठी क्रोशाचं कव्हर विणलंय, घालू का? — एक मुलगी, चाळीसगाव

उत्तर : फोटो बघितला, सुंदर विणलंय. मशीन बंद असेल तेव्हा घाला, चालू असताना नाही, त्याची हवा अडते. पण तुमचं मशीन तर दिवसरात्र चालू असतं असं तुम्हीच लिहिलंय, तर मग कव्हर मिक्सरला होतं का बघा.